घरातला ध्वनिसंच : ऐकविणारा आणि ऐकून ठेवणारा

घरात गाण्याचे यंत्र असणे हे आपल्याकडे पुष्कळ काळ हौसेचे व थोडेसे श्रीमंतीचे लक्षण मानले गेले. बैठकीत कर्ण्याचा ग्रामोफोन असला की ते घर गावात उठून दिसे. पुढे ती जागा रेडिओने, मग कॅसेटच्या टेपने आणि नंतर फळीवर सहज मावणाऱ्या देखण्या स्टीरिओ संचाने घेतली. असा संच घेताना आपण दोन गोष्टी पाहतो : तो दिसतो कसा आणि वाजतो कसा. तो ऐकून ठेवतो का, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि सावद्यासारख्या गावात तर विशेषच.

या प्रश्नाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने सुरू झाली. एडिसनचा फोनोग्राफ त्यानंतर दोन वर्षांनी, १८७७ साली निघाला. म्हणजे त्या पहिल्या व्याख्यानांच्या वेळी आवाज धरून ठेवून तो पुन्हा ऐकविण्याचे साधन जगात कोठेच नव्हते. एडिसनचे यंत्र नळकांड्यावर आवाज कोरीत असे, आणि त्याच यंत्रावर तो पुन्हा ऐकताही येई. ऐकविणे व ऐकून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच पेटीत होती. नंतर बर्लिनर याने सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून तिच्या हजारो प्रती दाबून काढता येत. म्हणून ती स्वस्त पडली आणि जिंकली. पण या विजयात घरातल्या माणसाच्या हातून एक गोष्ट गेली. ग्रामोफोन वाजवी, पण लिहून घेत नसे. मुद्रण कंपनीचे, श्रवण आपले, अशी वाटणी झाली.

हिंदुस्थानात १९०२ साली गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ आला व कलकत्त्यास त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. तबकड्या दाबल्या जात त्या जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव सांगत असे. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा, ही त्या काळच्या गवयांची कसोटी होती.

पुढे चुंबकीय फीत आली, आणि १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढल्यावर मुद्रणाचे काम पुन्हा घरात आले. बारशाची, लग्नाची, कीर्तनाची कॅसेट घराघरांत दिसू लागली. १९८२ साली सीडी आली. आवाज स्वच्छ झाला, पण प्रथम ती केवळ ऐकण्यापुरतीच होती. जुनी वाटणी परत आली. ती मोडण्यासाठी सोनी कंपनीने १९९२ साली मिनिडिस्क बाजारात आणली : ६४ मिलिमीटर व्यासाची छोटी चकती, प्लास्टिकच्या डबीत बंद, ७४ मिनिटांची, आणि घरच्या घरी पुन्हा पुन्हा लिहिता-पुसता येणारी. मिनिडिस्क बसविलेले आटोपशीर स्टीरिओ संच जपानात फार लोकप्रिय झाले. आपल्याकडे कॅसेटच इतकी स्वस्त होती की हे संच क्वचित कोठे, परदेशी गेलेल्या आप्तांच्या हातून आले.

या चकतीवर लिहिले जाते ते असे. चकतीत एका चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. खालून लेसरचा किरण एका सूक्ष्म ठिपक्यावर पडतो व तो ठिपका सुमारे १८० अंशांपर्यंत तापवितो. एवढ्या उष्णतेत थराची जुनी चुंबकीय दिशा मावळते. वरच्या बाजूस असलेले चुंबकीय टोक त्याच क्षणी नवी दिशा देते, आणि ठिपका थंड झाला की ती पक्की होते. वाचताना किरण मंद असतो. परावर्तित प्रकाशाच्या कंपनाची दिशा ठिपक्याच्या चुंबकीय दिशेप्रमाणे किंचित या अंगाला किंवा त्या अंगाला वळते, आणि त्यावरून यंत्र शून्य व एक ओळखते. लोहार लोखंड तापल्यावरच त्याला वळण देतो. तत्त्व साधारण तेच.

सीडी १२० मिलिमीटरची, आणि ही तिच्या जवळपास निम्म्या व्यासाची; तरी तितकाच वेळ तिच्यात मावतो कसा? जात्याची घरघर चालू असता शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. यंत्र असे झाकले जाणारे आवाज गाळते आणि मूळ मजकुराच्या सुमारे एकपंचमांश भागात काम भागविते. नेहमीच्या श्रवणाला हा फरक सहसा जाणवत नाही. मात्र गाळलेले पुन्हा मिळत नाही, हे ध्यानात असावे.

स्टीरिओचा अर्थही येथेच सांगून टाकू. आपले कान दोन आहेत, म्हणून आवाज कोणीकडून आला हे आपल्याला कळते. संचाचे दोन ध्वनिक्षेपक दोन वेगळे प्रवाह ऐकवितात. ते एकाला एक चिकटवून कपाटावर शोभेसाठी ठेवले तर सारा खर्च वाया जातो. दोघांत दोन-तीन हातांचे अंतर असावे, आणि ऐकणाराने त्रिकोणाच्या तिसऱ्या कोपऱ्यात बसावे. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो; तेव्हा संच पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये, आणि धुळीपासून जपावा.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अशा संचावर मुद्रित काय करावे? चित्रपटगीते कोठेही मिळतात. मिळत नाही ते आपल्या घरातले. आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, श्रावणातली कानबाईची गाणी, मुलींची गुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि लेवा बोलीचे ते हेल : हे कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. बहिणाबाई चौधरी आपल्याच जिल्ह्यातल्या, आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, म्हणजे कवी सोपानदेवांनी, व एका आप्ताने त्यांची गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. म्हणून ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या तरी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती महाराष्ट्राच्या हाती आली. एका वहीने केवढे काम केले! पण वही शब्द जपते. श्वास कोठे घेतला, कोणता स्वर लांबविला, कोठे हसू आले, हे वहीत उतरत नाही. ते काम घरातल्या यंत्राचे आहे.

मुद्रण करणाराने काही पथ्ये पाळावीत. पंखा बंद करावा. मायक्रोफोन गाणाऱ्या बाईपासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवावा. आरंभी तिचे नाव, गाव, तिथी व गाण्याचा प्रसंग बोलून घ्यावा. गौहरजानची रीत आजही उपयोगी आहे. आणि तिला विचारल्यावाचून यंत्र सुरू करू नये. मिनिडिस्कबाबत आणखी एक सावधगिरी हवी. कोठे काय लिहिले याची अनुक्रमणिका यंत्र शेवटी लिहिते. ती लिहिण्यापूर्वी वीज गेली तर तासभराचे गाणे चकतीवर असूनही सापडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत ही धास्ती आमच्याकडे रोजची होती. म्हणून दर दोन-तीन गाण्यांनंतर मुद्रण थांबवून अनुक्रमणिका लिहू द्यावी.

यापुढचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आमच्या घरच्या संचावर आजही वडीलधाऱ्या बायांची गाणी ऐकू येतात. पण सोनीने मिनिडिस्कचे संच बनविणे २०१३ साली थांबविले, आणि कोऱ्या चकत्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. चकती शाबूत राहील. ती वाचणारे यंत्र मोडले की तिचा उपयोग एखाद्या सुबक डबीइतकाच. बहुतेक संचांतून मजकूर झटपट काढून घेण्याची सोय नाही. ७४ मिनिटांची चकती संगणकात उतरवायची तर ती ७४ मिनिटे वाजवावी लागते. कॅसेटचेही तसेच, शिवाय तिची फीत उष्णतेने व ओलाव्याने खराब होते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या घरी असा संच किंवा जुना टेप चालू स्थितीत आहे, त्यांनी या उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना हाताशी धरून रोज एक चकती अथवा कॅसेट उतरवून घ्यावी. एक प्रत घरी ठेवावी, एक दुसऱ्या गावच्या आप्ताकडे द्यावी, आणि गाणारीच्या संमतीने एखादी वाचनालयाकडे सोपवावी. ज्यांच्या घरी संच नाही त्यांच्या खिशात मोबाइल आहे, आणि ऐकून ठेवण्याचे काम तोही उत्तम करतो. यंत्र नव्याने घेता येते. गाणारी मात्र थकत चालली आहे. येत्या आखाजीला झोका बांधला जाईल तेव्हा तिच्याजवळ बसावे, परवानगी मागावी आणि तिला गाऊ द्यावे.