दवाखान्यात दाखल होताना डॉक्टरांचा लेखी शेरा



हा विषय उसाचा नव्हे, तरी शेतकी खात्यालाच लिहावा लागत आहे. कारण विमा कंपनीचे नामंजुरीचे पत्र आले की सभासद ते घेऊन गट ऑफिसात आमच्याकडेच येतात. पत्र वाचावे तर आजार खरा असतो, खर्चही खरा असतो. कमी पडलेला असतो तो दाखल करतानाचा कागद. लागणीची तारीख चुकीची नोंदली गेली की शेतात ऊस पक्व उभा असूनही तोडणीचा क्रम मागे पडतो, हे आपण जाणताच. विमा कंपनीही रजिस्टरच बघते, फड बघत नाही.

मेडिक्लेममध्ये 'दाखल होणे' म्हणजे सलग किमान 24 तास आंतररुग्ण म्हणून उपचार घेणे. डायलिसिस, मोतीबिंदू अशा ठराविक उपचारांनाच यातून सूट आहे. आता हे तास कोठून धरायचे? समजा पेशंट संध्याकाळी 5 वाजता आला, कॅज्युअल्टीत सलाईन लागले, आणि डॉक्टरांनी 'दाखल करावे' असे लिहिले रात्री 11 ला. दुसऱ्या दिवशी रात्री 8 ला घरी सोडले. आपल्या हिशेबाने 27 तास झाले, कागदावर मात्र 21 च. म्हणून पेशंटला कॉटवर टाकले की सोबतच्या माणसाने लगेच विचारावे, "डॉक्टरसाहेब, ॲडमिट करून घेतले का? तारीख-वेळ लिहिली का?" खोटी वेळ मात्र घालायला सांगू नये, नर्सच्या नोंदीशी ती जुळत नाही आणि सगळाच दावा संशयात येतो.

नुसते 'ताप, अशक्तपणा, ॲडमिट' एवढे लिहूनही भागत नाही. केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास पॉलिसी खर्च देत नाही. तेव्हा घरी राहून उपचार का जमले नसते, ते केसपेपरवर आले पाहिजे : उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही, रक्तदाब उतरला आहे, शिरेतून इंजेक्शने द्यावी लागतील, असे काहीतरी नेमके. हे डॉक्टरांनीच ठरवायचे व लिहायचे. खाली त्यांची सही, नाव आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा.

फवारणीच्या विषबाधेबद्दल आमचे विशेष सांगणे आहे. गडबडीत सोबतचा माणूस "औषध पोटात गेलं" एवढेच बोलतो आणि कागदावर 'विषप्राशन' पडते. अपघात विम्यात स्वतः करून घेतलेली इजा बसत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही ती बसत नाही. फवारताना झालेली विषबाधा व सर्पदंश मात्र बसतात. एका शब्दावर घरच्यांचे हक्काचे पैसे अडकतात. तेव्हा घडले तसे, पण पुरते सांगा : कोणते औषध, कोणत्या शेतात, किती वाजता, फवारणी चालू असताना की नंतर. शक्य तर औषधाची बाटली लेबलासह बरोबर न्या, उपचारालाही तिचा उपयोग होतो.

कॅशलेसची सोय असेल तर विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने एका तासात मंजुरीचा निर्णय द्यायचा आहे, आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. पण अर्जासोबत डॉक्टरांचा शेराच नसेल तर शंकापत्रे सुरू होतात. फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणाऱ्यांनी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच गाठावे.

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, दाखल केल्याच्या पानाची नक्कलही मागा. 2002 च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे पेशंटने मागितल्यास कागद 72 तासांत द्यावे लागतात आणि आंतररुग्णांचे दप्तर तीन वर्षे जपावे लागते. मागणी तोंडी नको, लेखी करा व पोच घ्या. अर्ज लिहिण्यास अडचण वाटल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसास भेटावे.