४० टक्क्यांची मुभा आणि सबुरी

मार्च २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालयीन विभागांनी फळा सोडून पडदा धरला, तो निरुपायाने. आता सवडीने आखणी करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांची २० टक्क्यांची मर्यादा २०२१ मध्ये ४० टक्के केली. ही कमाल मर्यादा आहे. रिकाम्या जागा न भरण्यास तिचा आधार घेतला गेला, तर साधन शिक्षकाच्याच खुर्चीत बसेल.

आळंदीत वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून गुरूसमोर पाठांतर चालते. शिष्य अडखळला की गुरूला तत्क्षणी कळते. त्याच गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विभागानेही हे ध्यानी घ्यावे. पहिल्या सत्रात एकच विषय निवडावा. टिपणे, प्रश्नसंच आणि स्वाध्याय तेवढे ‘मूडल’सारख्या मोफत प्रणालीवर न्यावेत. (ती सांभाळणारा माणूस मात्र फुकट मिळत नाही!) चाकणला पाळी करून शिकणाऱ्या मुलाला टिपण रात्री उघडता आले, तर तो लाभ खरा. प्रात्यक्षिके व तोंडी परीक्षा समोरासमोरच राहाव्यात. दुसरा विषय घ्यावा की नाही, हे सत्राअखेर विद्यार्थी-प्रतिनिधींना बैठकीस बोलावूनच ठरवावे.