फी माफ, पण कोठे?

मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, असे आपल्या अकोले तालुक्यात सर्रास ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले; पण खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. शिवाय फी माफ झाली, तरी खानावळ चुकत नाही. कर्मवीर भाऊरावांनी हे ओळखून १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, १९४७ मध्ये शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आणली. भाकरीची सोय असेल, तरच गरिबाला फीमाफीचा उपयोग. म्हणून मैत्रिणींनो, प्रवेशापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचारा : सवलत येथे लागू आहे काय? आणि राहण्याजेवण्याचे काय?