तीन क्रमांकांचे एक विमान

लंडनच्या हेंडन भागातल्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे चार इंजिनांचे एक जुने बॉम्बफेकी विमान आहे. जात लिबरेटर, म्हणजे बी-२४. अमेरिकेत कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याचा क्रमांक होता ४४-५०२०६. ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यावर ते केएन ७५१ झाले. पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलात एचई ८०७ या क्रमांकाने ते उडाले, आणि त्याच्या उडत्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग याच तिसऱ्या क्रमांकाखाली गेला. १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनला भेट दिले.

महायुद्धातल्या एखाद्या विमानाचा आणि त्यातल्या माणसांचा माग काढायचा, तर काम सुरू होते ते अशा क्रमांकांपासून. अमेरिकी क्रमांकातला ४४ हा आकडा, विमानाची मागणी ज्या आर्थिक वर्षाच्या खर्चात धरली गेली ते वर्ष सांगतो, उड्डाणाचे नव्हे. ब्रिटिश क्रमांकात दोन अक्षरे आणि तीन आकडे असत. एकूण विमाने किती याचा शत्रूला अंदाज बांधता येऊ नये म्हणून मधले आकडे मुद्दाम गाळले जात. त्यामुळे ब्रिटिश क्रमांकांची यादी घेऊन बसलेल्या माणसाला जागोजागी भोके दिसतात आणि ती विमाने हरवली असावीत असा समज होतो. खरे तर ती कधी बनलीच नव्हती.

त्यातून भारतातल्या विमानांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ती मोडीतून उभी केलेली होती, आणि अशा विमानात सगळेच सुटे भाग मूळचे असतील असे धरून चालता येत नाही. वैमानिकाच्या कक्षातली धातूची पट्टी एक क्रमांक सांगेल, शेपटीच्या सांगाड्यावरचा तपासनिसाचा शिक्का दुसरेच काही सांगेल. म्हणून संशोधक एका पट्टीवर विसंबत नाहीत. इंजिनांचे क्रमांक, भागांवरचे शिक्के, रंगाचे एकावर एक चढलेले थर हे सगळे कागदोपत्री नोंदींशी ताडून पाहावे लागते.

केएन ७५१ बनले ते मिशिगनमधल्या विलो रन इथल्या फोर्ड कंपनीच्या कारखान्यात. मोटारी बनवणाऱ्या फोर्डने विमानाचीही जुळणी साखळी पद्धतीने सुरू केली, आणि १९४४ मध्ये तिथून ताशी एक लिबरेटर बाहेर पडत होते. सगळ्या कारखान्यांचा हिशेब धरला तर लिबरेटर अठरा हजारांहून जास्त बनली. एवढी विमाने म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा डोंगर. आणि त्या मिश्रधातूची घटकयादी वाचायला लागलो की वाट थेट आपल्या भंडारा जिल्ह्याकडे वळते.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याच्या पत्र्यावर विमान उभे राहत नाही. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आले की ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून तापवले, झटकन थंड केले आणि नुसते पडू दिले, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. आत विरघळलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन सूक्ष्म पुंजके करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरायला अटकाव करतात. अमेरिकी विमानांसाठी वापरला गेलेला २४-एस हा मिश्रधातू याच कुळातला. त्यात तांबे साधारण साडेचार टक्के, मॅग्नेशियम दीड टक्का आणि मँगनीज अर्धा टक्का ते त्याहून थोडे जास्त. एक टन पत्र्यात सुमारे सहा किलो मँगनीज येते. मात्रा छोटी, पण काम महत्त्वाचे. मँगनीजचे बारीक कण पत्रा तापवताना आणि लाटताना त्यातले स्फटिककण बेसुमार वाढू देत नाहीत.

पोलादाचे तर मँगनीजवाचून भागतच नाही. लोखंडात गंधक उरले तर ते स्फटिककणांच्या कडांना साचते आणि लाल तापलेले पोलाद हातोड्याखाली फुटते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःकडे ओढून घेते. एक टन पोलादामागे सहा-सात किलो मँगनीज लागते, हा हिशेब पोलाद कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आला. इंजिनाचा दंड, मशीनगनची नळी, बॉम्बचे कवच, सगळीकडे पोलाद आहे. त्यामुळे युद्धकाळात अमेरिकेने मँगनीजला मोक्याचे खनिज मानले होते, आणि भारत हा त्याचा एक मोठा पुरवठादार होता.

हे खनिज येत होते ते नागपूर, भंडारा आणि बालाघाट यांच्या पट्ट्यातून. नाकाडोंगरीच्या परिसरातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी त्याच पट्ट्यातल्या. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना सौसर समूह म्हणतात. समुद्रतळावर साचलेला मँगनीजयुक्त गाळ अब्जावधी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीत दाबला, तापला आणि त्याचे आजचे कठीण काळे खनिज झाले. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी नावाजलेले आहे. या भागातले मँगनीज जहाजावर चढवता यावे हे विशाखापट्टणमचे बंदर बांधण्यामागचे एक मुख्य कारण होते. ते बंदर १९३३ मध्ये सुरू झाले, आणि रायपूरहून तिकडे जाणारा रेल्वेमार्ग त्याच्या थोडा आधी तयार झाला होता. अमुक एका विमानात अमुक खाणीचे खनिज आहे असे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, कारण भट्टीत सगळ्या देशांचे मँगनीज एकच होते. पण त्या युद्धाच्या यंत्रसामग्रीत या पट्ट्यातल्या खाणमजुरांच्या घामाचा वाटा आहे, हे ठामपणे म्हणता येते. युद्धाच्या इतिहासात त्यांची दखल कुठेच घेतली जात नाही, आणि मला ती उणीव फार मोठी वाटते.

आता कागदाकडे येऊ. ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक स्क्वाड्रनला रोजच्या कामगिरीची नोंदवही ठेवावी लागे. तिचे दोन नमुने होते. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा सारांश, आणि फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमानाचा क्रमांक, चमूतल्या प्रत्येकाचे नाव आणि हुद्दा, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, काय घडले. या वह्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विमान आणि माणूस एकाच ओळीत भेटतात ते या फॉर्म ५४१ मध्ये. लँकेस्टर बॉम्बरवर नॅव्हिगेटर म्हणून उडालेल्या आणि डीएफसी हे शौर्यपदक मिळवणाऱ्या शैलेंद्र एकनाथ सुखटणकरांसारख्या आपल्या माणसांचा शोधही याच वाटेने घ्यावा लागतो. वैमानिकांची नावे पुस्तकांतून येत राहतात, पण नॅव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर आणि शेपटीतल्या मशीनगनवर रात्रभर कुडकुडणारे गनर बहुतेक वेळा केवळ या वहीतच सापडतात.

केएन ७५१ ज्या ९९ स्क्वाड्रनकडे होते, ते बंगालमधल्या धुबलिया तळावरून १९४५ च्या पावसाळ्यात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेले. तोवर युद्ध संपत आले होते. जपानने शरणागती पत्करल्यानंतर या लिबरेटरांनी बॉम्बऐवजी औषधे आणि अन्न नेऊन युद्धकैद्यांच्या छावण्यांवर टाकले. त्याच वर्षी ते स्क्वाड्रन बरखास्त झाले.

पुढचे पान कानपूरचे. अमेरिकेने ही विमाने उसनवारीच्या करारावर दिली होती, आणि युद्ध संपल्यावर ती परत नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. कानपूरच्या तळावर लिबरेटरांचे भंगार साचले. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून त्यांची जाणूनबुजून मोडतोड केलेली होती. १९४८ मध्ये, देशाला बॉम्बर विमानांची निकड होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी ते भंगार पाहिले आणि यातून विमाने उभी करता येतील असे सांगितले. हे बोलणे पोकळ नव्हते. युद्धकाळात हाच कारखाना अमेरिकी हवाई दलाची विमाने दुरुस्त करत होता. कानपूरला उघड्यावर, जेमतेम उडता येईल इतपत डागडुजी करायची आणि मग विमान बंगळूरला न्यायचे, असा क्रम ठरला. कंपनीचे वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती जोखीम पत्करली. अशी ४२ लिबरेटर उभी राहिली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली तुकडी हवाई दलाच्या ५ स्क्वाड्रनकडे सोपवली गेली.

विमाने तीन पावसाळे उघड्यावर टिकली कशी, याचे उत्तर पुन्हा धातूशास्त्रात आहे. तांबे असलेला मिश्रधातू मजबूत खरा, पण लवकर गंजतो. म्हणून २४-एसच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असे. हवा लागताच त्या थरावर ऑक्साइडची घट्ट साय धरते आणि आतला धातू वाचतो. कानपूरच्या मैदानात माणसांनी केलेली मोडतोड दुरुस्त होऊ शकली, कारण निसर्गाने केलेली मोडतोड कातड्यापाशीच थांबली होती.

कानपूर ते बंगळूर हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली तर ती रेषा नागपूर आणि भंडारा यांच्या मधून, म्हणजे त्याच मँगनीजच्या पट्ट्यावरून जाते.

यातली काही विमाने पुण्याच्या लोहगाव तळाशी जोडली गेली. १९५१ मध्ये पुण्यात ६ स्क्वाड्रन लिबरेटरांसह पुन्हा उभे राहिले आणि समुद्रावरच्या टेहळणीचे काम करू लागले. बॉम्बफेकीसाठी बनलेले विमान या कामाला इतके चपखल बसले ते त्याच्या पंखामुळे. डेव्हिड डेव्हिस नावाच्या संशोधकाने सुचवलेला हा पंख लांब आणि अरुंद होता. कॅलिफोर्नियातल्या पवनबोगद्यात त्याची चाचणी झाली तेव्हा निकाल इतके चांगले आले की तपासणाऱ्यांना बोगद्याचीच शंका आली आणि चाचणी पुन्हा करावी लागली. लांब, अरुंद पंखाच्या टोकांशी हवेचे भोवरे कमी उठतात, ओढ कमी होते आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये विमान अधिक दूर जाते. अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालायला नेमके हेच हवे होते. १९६८ अखेर भारतीय हवाई दलाने लिबरेटर निवृत्त केली. तोवर जगातल्या बहुतेक देशांनी ती कधीच मोडीत काढली होती.

म्हणूनच जगभरच्या संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले तेव्हा सगळे भारताकडे वळले. एक १९६८ मध्ये कॅनडाला गेले, एक १९६९ मध्ये उडत ॲरिझोनातल्या टूसॉनला पोहोचले, एक, म्हणजे केएन ७५१, ब्रिटनला. बंगळूरला पडून असलेले आणखी एक, ४४-४४०५२, आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेत गेले, आणि १९८९ पासून तिथे पुन्हा उडू लागले. एक दिल्लीच्या पालम संग्रहालयात आपल्यापाशी राहिले. परदेशातल्या या विमानांवर बहुतेकदा युद्धकाळातले रंग चढवलेले दिसतात. भारतीय हवाई दलातली वीस वर्षे त्या रंगाखाली जातात, आणि त्याबरोबर त्या वीस वर्षांतले चमूही.

ज्यांची विमाने परतलीच नाहीत, त्यांच्या शोधात विज्ञान आणखी खोल जाते. अमेरिकी हवाई दलाने १९४३ पासून बेपत्ता विमानाचा एक ठरावीक अहवाल भरायला सुरुवात केली. त्यात चमूच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही लिहीत. जंगलात साठ वर्षे पडलेल्या सांगाड्याचा रंग उडतो, पत्रा लोक उचलून नेतात, पण इंजिनाच्या पोलादात ठोकलेला आकडा राहतो. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधल्या कुनमिंगहून आसाममधल्या चबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ हे लिबरेटर आठ जणांसह नाहीसे झाले. २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाला त्याचे अवशेष अरुणाचल प्रदेशातल्या डोंगरात सापडले. तिथून मिळालेले मानवी अवशेष २०१६ मध्ये अमेरिकेला नेले गेले, आणि पुढच्या वर्षी त्यातून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जॉर्जियातल्या त्यांच्या गावी त्यांचा दफनविधी झाला.

अशा तपासात हाडाचा बोटाएवढा तुकडाही पुरतो. पेशीच्या केंद्रकातला डीएनए ऊन-पावसात लवकर मोडतो, पण मायटोकाँड्रियातल्या डीएनएच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतात, त्यामुळे एखादी तरी टिकते. हा डीएनए आईकडूनच येतो. म्हणजे बेपत्ता सैनिकाला मूलबाळ नसले तरी त्याच्या बहिणीचा मुलगा, त्या मुलाची बहीण, त्या बहिणीची मुलगी यांच्या लाळेच्या नमुन्यावरून जुळणी होते. भारतात बेपत्ता असलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या चारशेच्या आसपास आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाने २०२१ मध्ये या शोधकामासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या यंत्रणेशी करार केला.

महाराष्ट्रात या शोधाची एक जागा पुण्यात, खडकीच्या युद्ध दफनभूमीत आहे. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, त्या इथे आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत. त्यांत हवाई दलाचे चिन्ह कोरलेल्या शिळा दिसतात. शेजारच्या शिळांवर तारीख एकच असेल तर ते बहुधा एकाच विमानातले सोबती. तिथून ती तारीख घेऊन फॉर्म ५४१ पर्यंत जाता येते. अमुक दिवशी कोणते विमान कुठून उडाले आणि कोण कोण त्यात होते, हे त्या ओळीत मिळते.

पण लोहगावच्या लिबरेटरांच्या चमूंसाठी अशी सोय सर्वसामान्य वाचकाला उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा कागद घराघरांत आहे. हवाई दलात उडणारा प्रत्येक जण स्वतःचे लॉगबुक ठेवतो. त्यात तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, सोबतचा वैमानिक, कामगिरी आणि दिवसाचे व रात्रीचे तास असे रकाने असतात. निवृत्त होताना ते लॉगबुक त्याच्याबरोबर घरी येते. पुण्यात, नागपुरात, साताऱ्यात अशी लॉगबुके ट्रंकांमध्ये असणार. आजोबा गेल्यावर घर आवरताना ती रद्दीत जाऊ नयेत, एवढीच माझी कळकळीची विनंती. विमानाच्या क्रमांकाच्या रकान्यात एचई ८०७ किंवा एचई ने सुरू होणारा दुसरा आकडा दिसला, तर त्या पानाचे चांगले छायाचित्र काढावे, पहिल्या पानावरचे नाव आणि स्क्वाड्रनही टिपावे, आणि पालमच्या संग्रहालयाला किंवा हवाई दलाच्या इतिहास विभागाला पत्र लिहावे. हेंडनच्या विमानातून कोणकोण मराठी माणसे अरबी समुद्रावर उडाली, हे अशा पानांच्या जुळणीतूनच कळणार आहे.