बोलका संगणक : तो कसा केला आणि तो कसा चुकतो



पालकसभेच्या दिवशी आमच्या वर्गात संगणकापुढे केवढी गर्दी झाली होती, ते तुम्ही पाहिलेच असेल. पुष्कळ जणांनी विचारले, "हे मराठी कसं काय बोलतं? आत कोण आहे?" त्या दिवशी घाईत मला नीट सांगता आले नाही. शिवाय त्याच दिवशी माझ्या बाबांच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तीही सगळ्यांना कळायला हवी. म्हणून हा लेख लिहिते आहे.

आधी एक सांगते. आत कोणी बसलेले नव्हते आणि त्या वेळी इंटरनेटही चालू नव्हते.

काय काय लागले?

आमच्या शाळेत एक जुना लॅपटॉप आहे. त्याची रॅम, म्हणजे काम करताना सामान हाताशी ठेवायची जागा, ८ जीबी आहे. माझा आतेभाऊ तालुक्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याने दिवाळीच्या सुट्टीत सरांना आणि आम्हा पाच जणांना हे काम शिकवले. एकूण चार वस्तू लागल्या.

पहिली वस्तू म्हणजे भाषेचे मॉडेल. ही एक मोठी फाईल असते. तिच्यात गोष्टी नाहीत, धडे नाहीत, शब्दकोशसुद्धा नाही. नुसते आकडे असतात. आमच्या मॉडेलमध्ये सुमारे ४०० कोटी आकडे आहेत. एवढे आकडे लॅपटॉपमध्ये मावतात कसे, याचे गणित आम्ही फळ्यावर केले. एका आकड्याला दोन बाइट जागा दिली तर ८०० कोटी बाइट होतात, म्हणजे ८ जीबी. मग सगळी रॅम त्यातच संपली असती. म्हणून प्रत्येक आकडा आखडून अर्ध्या बाइटात बसवतात. मग २०० कोटी बाइट, म्हणजे २ जीबी होतात. प्रत्यक्षात थोडी जास्त जागा लागते, पण लॅपटॉप चालतो. आकडे आखडल्यामुळे थोडी अचूकता मात्र जाते. अशा काही फाईली कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. सरांनी तालुक्याहून ती पेनड्राइव्हवर आणली.

दुसरी वस्तू म्हणजे ती फाईल चालवणारा प्रोग्राम. तिसरी वस्तू म्हणजे आपण लिहिलेले सूचनापत्र. 'तू शाळेचा मदतनीस आहेस, सोप्या मराठीत बोल, उत्तर थोडक्यात दे,' असे त्यात लिहिले. चौथी वस्तू म्हणजे पडद्यावरची खिडकी, जिच्यात प्रश्न लिहायचा आणि उत्तर दिसायचे. ती आतेभावाने पायथॉन भाषेत लिहिली.

शहरातले लोक जे बोलके यंत्र मोबाईलवर वापरतात, त्याचे मॉडेल ह्याहून फार मोठे असते. ते कंपन्यांच्या मोठ्या संगणकघरांत चालते आणि प्रश्न इंटरनेटवरून तिकडे जातो. आपल्या गावात रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून आम्ही लहान मॉडेल घेतले.

शब्दापुढे शब्द

आता मुख्य गोष्ट. ते बोलते कसे? हे समजावे म्हणून सरांनी वर्गात एक खेळ घेतला. फळ्यावर लिहिले, 'आईने तव्यावर भाकरी ...' आणि पुढचा एकच शब्द प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा. आम्ही ३२ जण होतो. १९ जणांनी 'टाकली' लिहिले, ९ जणांनी 'भाजली', ३ जणांनी 'शेकली' आणि एकाने 'करपवली'. सगळा वर्ग हसला.

यंत्र अगदी हेच करते, बरं का! पुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे ते आपल्या आकड्यांवरून काढते आणि त्यातून एक शब्द उचलते. मग तो शब्द जोडून पुन्हा पुढचा. असे करत करत उत्तर तयार होते. खरे म्हणजे ते पूर्ण शब्दही धरत नाही, शब्दाचे तुकडे धरते. मराठी शब्दांचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणून मराठीत ते हळू चालते. आमचे यंत्र अडखळत एकेक शब्द टाकायचे. माझी आजी म्हणाली, "ह्याला दम लागतो काय गं?"

ह्यात एक कळही असते. ती खाली ठेवली तर यंत्र दर वेळी सर्वांत जास्त संभवाचा शब्द घेते, म्हणजे 'टाकली'. ती वर केली तर कधी कधी 'करपवली'सुद्धा निवडते. गोष्ट लिहायची तर कळ वर ठेवली की मजा येते. माहिती विचारायची तर खाली ठेवावी.

मग हे आकडे आले कुठून? मॉडेल तयार करताना त्याला अफाट मजकूर दाखवतात. दर वेळी पुढचा तुकडा झाकून ठेवतात आणि तो ओळखायला लावतात. चुकले की आकडे किंचित हलवतात. असे अब्जावधी वेळा करतात. मागच्या शब्दांपैकी कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे, हेही ते त्यातच शिकते. 'आजीने नातीला जवळ घेतले, कारण ती रडत होती.' ह्यात 'ती' म्हणजे नात, हे आपल्याला लगेच कळते. यंत्राला असे मागे बघायला शिकवण्याची 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रीत गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली. त्याच रीतीवर पुढे चॅटजीपीटी तयार झाले आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. आमच्या छोट्या मॉडेलचीही रीत तीच आहे.

आणखी एक गंमत. ह्या यंत्राला मागचे आठवत नाही. तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात की आमचा प्रोग्राम पहिला प्रश्न, पहिले उत्तर आणि दुसरा प्रश्न असे सगळे त्याला पुन्हा वाचायला देतो. म्हणून आपल्याला वाटते की त्याच्या लक्षात राहिले. ह्या वहीला पानांची मर्यादा असते. फार लांब बोलत बसले की सुरुवातीची पाने काढून टाकावी लागतात.

बाबांचा प्रश्न

पालकसभेच्या दिवशी सगळे खुशीत होते. कोणी शाळेची वेळ विचारली, कोणी जत्रेवर गोष्ट सांगायला लावली. मग माझे बाबा पुढे आले. आमच्या कपाशीवर मावा पडला होता. बाबांनी मला टाइप करायला सांगितले, "कपाशीवर मावा आहे, कोणतं औषध किती टाकू?"

यंत्राने एका औषधाचे नाव सांगितले आणि एका पंपाला १० मिली असे प्रमाणही सांगितले. भाषा इतकी गोड आणि ठाम, की बाबा म्हणाले, "हे तं दुकानदारापेक्षा चांगलं सांगते!" त्यांनी खिशातला कागद काढला आणि लिहून घेऊ लागले.

मला खेळातली 'करपवली' आठवली. मी म्हणाले, "बाबा, थांबा जरा. पुन्हा विचारून बघते." तोच प्रश्न पुन्हा टाकला, तर ३० मिली आले. तिसऱ्यांदा टाकला, तर औषधाचे नावच बदलले. तिन्ही वेळा बोलणे तितकेच ठाम! बाबांनी कागदावरचे खोडले आणि ते गप्पच बसले.

औषधाचा खेळ नसतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या वेळी असले यंत्र नव्हते, कारणे वेगळी होती. पण फवारणीतली चूक केवढी महाग पडते, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते यंत्र तिथे मीच मांडले होते ना!

ते खोटे का बोलले?

दुसऱ्या दिवशी मी सरांना हाच प्रश्न विचारला. सर म्हणाले, "ते खोटं बोललं नाही आणि खरंही बोललं नाही. त्याने पुढचा शब्द ठेवला." 'एका पंपाला' ह्या शब्दांपुढे एखादा आकडा येतो, हे त्याला ठाऊक आहे. त्या औषधाला तो आकडा कोणता, हे पक्के ठाऊक नाही. पण जागा रिकामी सोडायची त्याला सवय नाही. म्हणून जो आकडा शोभेल तो बसवला. उत्तर न येणारा मुलगा जसा पेपरात काहीतरी लिहून येतो, तसेच. फरक एवढाच, की त्या मुलाचा चेहरा बघून बाईंना कळते. यंत्राला चेहरा नाही.

सरांनी एक जुनी हकिगतही सांगितली. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम ह्या शास्त्रज्ञाने 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्राम केला. तो फारच साधा होता. आपलेच वाक्य फिरवून तो आपल्यालाच प्रश्न विचारायचा. तरी त्यांच्या कचेरीतली सेक्रेटरी त्याच्याशी मनातले बोलू लागली आणि तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! जो आपल्याशी नीट बोलतो त्याला सगळे कळते, असे माणसाला चटकन वाटते. बाबांचेही तसेच झाले.

मग आम्ही काय दुरुस्ती केली?

पहिली दुरुस्ती. शाळेची माहिती एका पानावर लिहिली. शाळेची वेळ, सुट्ट्या, पोषण आहार, दाखल्याला कोणते कागद लागतात, वगैरे. आता प्रत्येक प्रश्नाबरोबर ते पानही यंत्राला वाचायला देतो आणि सांगतो, 'ह्या पानावर असेल तेच सांग. नसेल तर "मला माहीत नाही, सरांना विचारा" असे म्हण.' ह्याने फार फरक पडला.

दुसरी दुरुस्ती. प्रश्नात 'औषध', 'फवारणी', 'डोस', 'गोळी' असे शब्द आले, तर प्रश्न मॉडेलकडे जातच नाही. आमचा प्रोग्राम ठरलेले उत्तर दाखवतो : 'डब्यावरची चिठ्ठी वाचा, कृषी खात्याच्या माणसांना विचारा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फुकट फोन करा. दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जा.'

तिसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. आम्ही यंत्राला २० प्रश्न घातले. १० पानावरचे आणि १० पानाबाहेरचे. पानावरच्या ९ प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. बाहेरच्या ७ प्रश्नांना ते 'माहीत नाही' म्हणाले, पण ३ वेळा पुन्हा थापा मारल्याच. मग आजी आली आणि तिने विचारले, "पाठ दुखते, काय लावू?" ह्यात 'औषध' हा शब्दच नाही! प्रश्न सुटून आत गेला आणि यंत्राने उपाय सांगायला सुरुवात केली. आम्ही 'दुखते' हा शब्द यादीत घातला. पण आता आम्हाला कळले आहे, की अशी यादी कधी पूर्ण होत नाही. कुंपण कितीही घातले तरी शेळीला फट सापडते.

म्हणून चौथी दुरुस्ती आम्ही यंत्रात केली नाही, बाहेर केली. लॅपटॉपशेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली आहे : 'ह्याला बोलता येते. ह्याला माहीत असेलच असे नाही.' आणि शेजारी नेहमी आमच्यापैकी एक जण बसतो.

शेवटी बाबांनी काय केले, तेही सांगते. ते औषधाचा डबा घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "वाच गं, काय लिहिलं आहे ते." डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. चिठ्ठीवर प्रमाण बारीक अक्षरांत होते. मी ते दोनदा वाचून दाखवले आणि बाबांनी कृषी खात्याच्या साहेबांना फोन करून तेच पक्के करून घेतले. मग तोंडाला फडके बांधून, वाऱ्याची दिशा बघून फवारणी केली.

मित्रांनो, बोलका संगणक वाईट नाही. गोष्ट सांगायला, शब्दांचे खेळ खेळायला, सोपे करून सांगायला तो छान आहे. दर शनिवारी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात या, त्याला प्रश्न विचारा. पण उत्तर मिळाले की तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा. उत्तर बदलले तर सावध व्हा. आणि नाही बदलले, तरी पैशाचा, दुखण्याचा किंवा विषाचा प्रश्न असेल तर जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी