नवे दूध, नवे मटण : आपल्या घराला काय?

रविवारी मटण आणायचे की नाही, हे आपल्या घरात पगाराच्या तारखेवर ठरते. आता मोठ्या शहरांच्या दुकानांत बदामाचे, सोयाबीनचे 'दूध' आणि डाळी-वाटाण्यापासून केलेले 'मटण' दिसू लागले आहे. परदेशात तर जनावर न कापता त्याच्या पेशी टाक्यांत वाढवून मांस तयार होते. असा पहिला बर्गर २०१३ साली लंडनमध्ये शिजवून दाखवला गेला. २०२० साली सिंगापूरने आणि २०२३ साली अमेरिकेने असे कोंबडीचे मांस विकण्यास परवानगी दिली.

याचे कारण आहे. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन वायू सोडतात, त्याने हवा तापते. आणि त्या उन्हाचा चटका आधी बसतो तो बिगारी आणि शेतमजुराला. म्हणून या शोधाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मात्र भगिनींनो, पांढरे दिसते म्हणून बदामाचे पेय लेकराला दुधाऐवजी देऊ नका. गाईच्या पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, बदामाच्या पेयात बहुधा जेमतेम एक-दोन. पाकिटावरचा मजकूर वाचा. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, तेही वरून घातले आहे का पाहा. स्वस्तातला पर्याय किराणा दुकानात केव्हाचाच आहे. १०० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात.

खरा प्रश्न पोटाचा आहे. भूमिहीन बाईची शेळी ही तिची बँक असते. मुलाची फी, दवाखाना, अडीनडीला बोकड विकून भागते. मटण कारखान्यातून येऊ लागले, तर तिने काय विकायचे? २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा मांस आणि कातड्याच्या धंद्यातल्या कितीतरी कष्टकऱ्यांच्या हातचे काम गेले.

मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे बाबासाहेबांनीच सांगितले होते. आपल्या वाडवडिलांनी ते स्वाभिमानाने सोडले. पण स्वतः सोडलेले काम वेगळे आणि दुसऱ्याने हिसकावलेले काम वेगळे.

नव्या कारखान्यांत आपल्या शिकलेल्या मुला-मुलींना जागा मिळेल का? मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनला चांगला भाव येईल का? शेळीवाल्या बाईला आधी दुसरा आधार मिळेल का? आपल्या महिला मंडळांत हे प्रश्न आतापासूनच निघाले पाहिजेत.