वहीची किल्ली कोणाच्या हातीं?

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वहीला गंधाक्षता वाहतात. अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर त्या वहीशेजारीं संगणकहि मांडलेला दिसतो, व पूजा दोघांचीहि होते. परंतु या दोन वस्तूंत एक मोठा भेद आहे. कागदाची वही व्यापाऱ्याच्या मालकीची असते, यांत कोणाला शंका नाहीं. संगणकांतील वही कोणाची, या प्रश्नाचें उत्तर मात्र तितकें सरळ नाहीं. तें उत्तर व्यापाऱ्याच्या बाजूनें लागावें म्हणून मुंबईंतील कांहीं मंडळींनीं व जगभरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो उद्योग मांडला आहे, त्याची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम जुनी रीत आठवूं. रोजच्या देण्याघेण्याची नोंद रोजकीर्दींत करावयाची, तेथून ती खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरावयाची, आणि वर्षअखेर ताळा पाहावयाचा. युरोपांत दुहेरी नोंदीची पद्धति लूका पाचोली यानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या ग्रंथांत मांडून दाखविली. ती त्यानें शोधून काढली नव्हती. तेथील व्यापाऱ्यांची चालत आलेली वहिवाटच त्यानें लिहून ठेविली. रीत आपल्याकडची असो वा तिकडची, तिचा मालक कोणी नव्हता. एक दिवाणजी नोकरी सोडून गेला, तर दुसरा त्याच्या जागीं बसून तीच वही पुढें चालवूं शके. मात्र यालाहि एक अट होती. लिपि वाचतां आली पाहिजे. महाराष्ट्रांतील जुन्या दप्तरांचा मोठा भाग मोडींत आहे. मोडी जाणणारे विरळ झाले, आणि घरोघरचीं कागदपत्रें कपाटांत असूनहि मुकीं झालीं. कागद आपला, पण तो वाचण्याची विद्या दुसऱ्याच्या हातीं, अशी स्थिति आली म्हणजे मालकी नांवापुरती उरते. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां एक उदाहरण घेऊं. वाशिम जिल्ह्यांत मालेगांव तालुक्यांत शिरपूर जैन नांवाचें गांव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें त्याचें नांव देशभरच्या जैन समाजाला ठाऊक आहे, आणि भोवतालचा मुलूख तूर व सोयाबीन पिकविणारा आहे. अशा गांवीं एखाद्या व्यापाऱ्यानें लहानशी डाळ मिल घातली आहे, अशी कल्पना करा. सकाळीं एका शेतकऱ्याची तूर वजनकांट्यावर येते. या एका घटनेनें किती वह्या हलतात पाहा. गुदामांतील तूर वाढली, शेतकऱ्याचें देणें उभें राहिलें, हमाली व भाडें खर्चीं पडलें, बारदानाचा हिशोब बदलला. तूर भरडली म्हणजे एका मालाचे तीन माल होतात: डाळ, चुनी व टरफल. शिवाय घट येते ती निराळीच. डाळीचे कट्टे अकोल्यास वा नागपुरास रवाना झाले, कीं गिऱ्हाइकाकडील येणें, वस्तु व सेवा कराचें बीजक आणि ट्रकचें भाडें यांच्या नोंदी आल्याच. प्रत्येकाची वही वेगळी असेल, तर महिन्याच्या अखेरीस गुदाम एक सांगतें, खातें दुसरें सांगतें, आणि मालकाची आठवण तिसरेंच सांगते.

या दुखण्यावर संगणकवाल्यांनीं जो उपाय काढला, त्यास एन्टरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, थोडक्यांत ई. आर. पी., असें म्हणतात. नांव भारदस्त आहे, पण अर्थ साधा आहे. एक घटना एकदांच नोंदावी, आणि तिच्यामुळें ज्या ज्या खात्यांत फरक पडतो तीं सर्व खातीं त्याच क्षणीं आपोआप बदलावीं, एवढेंच तिचें सार. तुरीची आवक लिहिली, कीं साठा, देणें व खर्च तिन्ही जुळतात. अमुक इतकी डाळ पुरविण्याचें कबूल केलें, तर तूर किती लागेल, ती आज गुदामांत आहे काय, आणि नसल्यास केव्हां मागवावी, हेंहि आधींच कळतें. नियोजन हा शब्द त्या नांवांत आला आहे तो यासाठींच.

परंतु येथेंच व्यापाऱ्यानें सावध व्हावें. पूर्वीं दहा वह्यांत विखुरलेली धंद्याची सारी स्मृति आतां एका आज्ञावलींत एकवटली. अशा पुष्कळ आज्ञावल्या बंद पेटीसारख्या असतात. त्यांचें मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तें बनविणाऱ्या कंपनीपाशीं राहतें. गिऱ्हाइकाला मिळते ती केवळ वापरण्याची परवानगी. यांत बेकायदा कांहीं नाहीं, आणि अशा आज्ञावल्यांनीं असंख्य दुकानदारांचें काम सुकरहि केलें आहे. प्रश्न व्यवस्थेचा आहे. उद्यां कंपनीनें दर वाढविला, जुनी आवृत्ति बंद केली, किंवा डाळ मिलला हवी ती सोय करून देण्यास नकार दिला, तर व्यापाऱ्याचा हात दगडाखालीं सांपडतो. आंकडे त्याचे, पण ते ज्या रीतीनें मांडले आहेत ती रीत दुसऱ्याच्या पेटींत. मोडीच्या दप्तराची गोष्ट ती हीच. फरक इतकाच, कीं मोडी शिकावयास कोणाची मनाई नव्हती.

या व्यवस्थेला पर्याय म्हणून अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला व १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली. आज्ञावली वापरणाऱ्याला चार हक्क असावेत, असें त्यांचें म्हणणें. ती वाटेल त्या कामासाठीं चालवावी. तिचें मूळ लिखाण वाचावें व आपल्या गरजेप्रमाणें बदलावें. तिची प्रत शेजाऱ्यास द्यावी. आणि आपण सुधारलेली प्रतहि इतरांस वांटावी. इंग्रजींत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, त्यामुळें तिकडे पुष्कळ घोटाळा झाला. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, हें बरें आहे. येथें बोलणें चाललें आहे तें मुक्ततेचें. हे हक्क कायद्याच्या भाषेंत बांधण्यासाठीं १९८९ सालीं जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना निघाला. त्याची तिसरी आवृत्ति २००७ सालची आहे. त्याचें मर्म असें, कीं बदललेली प्रत तुम्हीं स्वतःपुरती वापरली तर कोणी कांहीं विचारणार नाहीं. पण ती दुसऱ्यास दिली, तर तुम्हांला जे हक्क मिळाले तेच त्यालाहि दिले पाहिजेत.

ई. आर. पी. च्या क्षेत्रांत हें तत्त्व घेऊन पुढें आलेलें एक ठळक नांव मुंबईचें आहे. ऋषभ मेहता हे औद्योगिक अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठीं अशी प्रणाली बसवूं पाहतां त्यांना तींतील अडचणी कळल्या, आणि त्यांनीं ती स्वतःच लिहावयास घेतली. २००८ सालीं त्यांनीं मुंबईंत वेब नोट्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. पुढें तिचें नांव फ्रॅपे टेक्नॉलॉजीज असें झालें, आणि प्रणालीचें नांव ई. आर. पी. नेक्स्ट. हिचें मूळ लिखाण पायथॉन व जावास्क्रिप्ट या संगणकी भाषांत असून, वर सांगितलेल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखालीं तें सर्वांस खुलें आहे. वापरणाऱ्यांच्या संख्येवर परवान्याची पट्टी नाहीं. दहा माणसें वापरोत वा शंभर, लिखाणाबद्दल देणें कांहीं नाहीं. मग कंपनीचा चरितार्थ कशावर, असें कोणी विचारील. ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळावयाचा नाहीं त्यांचा सांभाळावा, अडल्यास मदत करावी, आणि त्या सेवेचें मोल घ्यावें, अशी ही योजना आहे. पाणी सर्वांचें, तें घरपोंच आणून देण्याची मजुरी निराळी.

परंतु एका कंपनीच्या बळावर सर्व धंद्यांच्या गरजा भागत नाहींत. येथें त्या भोवतालच्या मंडळाचें काम सुरूं होतें. कोणा कारखानदाराला दोष आढळला तर तो तो सर्वांसमक्ष कळवितो. दुसरा कोणी, कदाचित् दुसऱ्याच देशांतील, त्याची दुरुस्ती लिहून पाठवितो. मूळ मंडळी ती तपासून स्वीकारतात, फेटाळतात, किंवा सुधारून मागतात. कोणी मार्गदर्शिका लिहितो, कोणी शब्दांचें भाषांतर करितो. मराठी शब्दहि त्यांत आले आहेत. १ जुलै २०१७ रोजीं आपल्याकडे वस्तु व सेवा कर लागू झाला, तेव्हां बीजकांची व विवरणपत्रांची सारी तऱ्हा बदलली. त्या कराची सोय प्रणालींत आली, आणि पुढें भारतापुरत्या या नियमांचा भाग इंडिया कंप्लायन्स या नांवानें स्वतंत्र झाला. त्याचेंहि लिखाण खुलें आहे. म्हणजे करनियमांचा अभ्यास एकानें केला, व त्याचा लाभ शिरपूरच्या डाळ मिलपासून पुण्याच्या कारखान्यापर्यंत कोणासहि घेतां येतो. २०२० सालीं फॉस युनायटेड ही संस्था निघाली, ती भारतांत अशा मुक्त कामाला आधार मिळावा म्हणूनच.

या हक्कांची खरी किंमत संकटाच्या वेळीं कळते. त्याचे दोन दाखले परदेशचे आहेत. कॉम्पिएर नांवाची अशीच एक खुली प्रणाली होती. तिच्या कंपनीचें धोरण न पटल्यामुळें २००६ सालीं तिच्या भोवतालच्या मंडळानें सारें लिखाण घेऊन ॲडेम्पिएर या नांवानें वेगळी चूल मांडली. बेल्जममध्यें फाबियें पिंकार्स यांनीं २००५ सालीं टायनी ई. आर. पी. सुरूं केली, तीच आज ओडू या नांवानें प्रसिद्ध आहे. तिच्यांतूनहि २००८ सालीं कांहीं मंडळी बाहेर पडलीं व त्यांनीं ट्रायटन उभी केली. पुढें ओडूच्या दोन आवृत्त्या झाल्या, एक खुली व दुसरी विकत घ्यावयाची. भाऊबंदकी आपल्याला नवी नाहीं, आणि वांटण्या सुखाच्या नसतात. पण येथें एक विशेष पाहावा. वांटणींत कोणाचा वांटा कमी झाला नाहीं. लिखाण दोघांपाशीं पूर्णच राहिलें. ज्यांनीं त्यावर आपला धंदा उभारला होता, त्यांना कोणाच्या दयेवर राहावें लागलें नाहीं. बंद पेटीच्या व्यवस्थेंत हें घडूंच शकत नाहीं.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर लागतो, प्रणाली बसविणारा जाणता लागतो, जुन्या वह्यांतील नांवें व शिल्लकी शुद्ध करून भरावयास कित्येक आठवडे जातात. ज्या पेढीवर नोंद वेळच्या वेळीं होत नाहीं, तेथें कोणतीहि प्रणाली हिशोब जुळवून देणार नाहीं. बदलण्याचा हक्क आहे म्हणून मूळ लिखाणांत मन मानेल तसे फेरफार केले, तर नवी आवृत्ति निघाल्यावर ते सारे पुन्हां जुळवीत बसावें लागतें. म्हणून आपली सोय शक्य तों वेगळी लिहून मुळाला जोडावी, हें शहाणपण. आणि गांवांत वा जिल्ह्यांत ती जाणणारा एकहि मनुष्य नसेल, तर खुलें लिखाणहि मोडीच्या कागदासारखेंच मुकें राहील.

यास्तव प्रणाली खुली असो वा बंद, घेण्यापूर्वीं व्यापाऱ्यानें चार प्रश्न विचारावेत. माझे सर्व आंकडे मला दुसरीकडे नेतां येतील अशा रूपांत केव्हांहि मिळतील काय? त्यांची प्रत माझ्या ताब्यांत रोज पडते काय? हा पुरविणारा गेला, तर दुसरा कोणी तें काम पुढें चालवूं शकेल काय? आणि माझ्या धंद्याची एखादी विशेष गरज भागविण्याचा अधिकार मला किंवा मी नेमीन त्याला आहे काय? चारही प्रश्नांस होकार आला, तर वहीची किल्ली आपल्या हातीं आहे असें समजावें.

शेवटीं एक विनंति शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना आहे. आपल्या घरांत वाणिज्य शिकणारीं मुलें आहेत, संगणक शिकणारीं मुलेंहि आहेत, आणि पुष्कळांचें मूळ गांव शिरपूरसारखेंच कोठें तरी आहे. गांवच्या विहिरीचें पाणी सर्व भरतात, पण गाळ काढावयास चार घरांतील माणसें उतरलीं नाहींत तर ती आटते. या मुक्त प्रणालीचेंहि तसेंच आहे. हमाली, बारदान, घट, चुनी हे शब्द व त्यांमागचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीं तो नीट लिहून कळविला, एखाद्या पानाचें शुद्ध मराठी केलें, एखादा दोष दाखवून दिला, तरी तें काम मोलाचें आहे. आज्ञा लिहितां आल्याच पाहिजेत असें नाहीं. वही ठेवणाऱ्या माणसाला आपली वही वाचतां यावी, इतकी कळकळ असली म्हणजे आरंभाला पुरे.